तोफखान्यातल्या आबांचे कान

केजहून बीडला माझ्या जीपनं येणारे आबा म्हणजे तोफखान्यातले रिटायर फौजी. तोफांनी कान गेलेले, त्यामुळे शेजारच्याशीही शेतापलीकडं हाक मारावी तसं बोलायचे. बाजूला बसलेली बायको त्यांच्या दर वाक्याला पुटपुटत टोला हाणायची. आम्ही हसायचो, आबांना पत्ताच नसायचा.

आज माजी सैनिकांच्या दवाखान्यात आबांना कानाची मशीन मिळाली! परतताना अख्खी जीप एकच विचारत होती, "आबा, येतंय का आयकू?"

"लई भारी!" आबा गरजले. "पाखरूबी आयकलं!"

"कान आले, पण वरडणं काय गेलं न्हाई," बायको सवयीनं पुटपुटली.

आबा तिच्याकडं वळले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"अजून बोल की."