पहिल्या बाकाचा प्रश्न

हिंगोलीत मी स्पर्धा परीक्षांचा छोटा क्लास चालवतो. तर्कशक्तीच्या सराव परीक्षेत एक प्रश्न मी स्वतः रचला होता. पहिल्या बाकांवर बसणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात, तर यावरून काय ठरतं? माझं उत्तर होतं, पुढं बसल्यानं गुण वाढतात. मुलांना मी कायम हेच सांगत आलो होतो.

उत्तरं वाचून दाखवत होतो, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरून एसटीनं यायची आणि रोज उशिरा पोचायची.

"सर, हे बराबर न्हाई."

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"पुढं कोन बसते? ज्याचं घर जवळ हाय, तो. तो लवकर येते, अभ्यासाले वेळ बी त्यालेच भेटते. गुण त्या वेळानं वाढतात सर, बाकानं न्हाई."

दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मीच फळ्यावर कितीदा लिहिलं होतं! सगळ्यांदेखत मी माझं उत्तर खोडलं आणि खडू तिच्या हातात दिला. ती आधी बिचकली, मग हा भाग तिनं माझ्यापेक्षा सोपा करून शिकवला.

यंदा ती वनरक्षक झाली. पेढे घेऊन आली, तेव्हा नव्या मुलांना मी सांगितलं, "हिनं माझी चूक काढली होती." हे सांगताना माझा ऊर भरून आला होता.