मठपती सरांच्या वॉर्डातली निदानं

हॉस्पिटलातले जुने केसपेपर ठरावीक वर्षांनी जाळून टाकतात. किस्से कुणी जाळत नाही, त्यामुळं ते साठतच जातात! आता रिटायर झाल्यावर आम्ही जुने मित्र जुळे सोलापुरात कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. पहिला चहा होईपर्यंत शुगर, बीपी आणि गुडघे. मग कुणीतरी म्हणतं, "मठपती सर असते तर..." आणि सुरू!

मठपती सर म्हणजे सत्तरच्या दशकातले आमचे मेडिसिनचे बॉस. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्या काळी स्कॅन नव्हते, सोनोग्राफी नव्हती. एक्स-रे मशीन महिन्यातून आठवडाभर आजारी! निदान करायचं ते डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनी. सर म्हणायचे, "पेशंट स्वतःच निदान सांगत असतो. आपण मधे बोलतो, म्हणून ऐकू येत नाही."

* * *

माझी पहिलीच कॅज्युअल्टी ड्यूटी. विणकर वस्तीतली एक तेलुगू बाई आली. वय फार तर सव्वीस. धाप लागलेली, छातीवर हात, आणि एकच शब्द, "गुंडे... गुंडे..."

मी ताडलं, बाईला गुंडांनी मारलंय! पेपरवर 'मारहाण' लिहिलं, पोलीस चौकीतून हवालदारांना बोलावलं. ते वही उघडून म्हणाले, "गुंडे किती होते?"

बाई गोंधळली. मग तिनं एक बोट वर केलं.

हवालदारांनी लिहिलं, "एक इसम."

तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या आया नरसम्मा आल्या. बाईशी दोन वाक्यं तेलुगूत बोलल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो डॉक्टर! गुंडे म्हंजे काळीज की ओ!"

सर आले. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्यात हृदयाची झडप आकसली होती. ऑपरेशन मुंबईला. तीन पोरं टाकून मुंबईला कोण जाणार?

हवालदार वही मिटायला लागले. सर म्हणाले, "राहू द्या हो. मार लागलाय हे खरंय. आरोपी तेवढा पकडता येणार नाही."

ती दिवाळीपर्यंत होती.

* * *

मोडनिंबचे एक आजोबा होते. पोटात दुखतं म्हणून आलेले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. सकाळी राउंडला मला म्हणाले, "डागतर, आमी चाललो बरं का."

"आज नाही आजोबा, उद्या सोडतो!" मी पेपरवर लिहिलं, 'प्रकृती ठीक. उद्या डिस्चार्ज.'

दुपारी जेवून आलो तर कॉट रिकामी. गादी उन्हात टाकलेली.

सरांनी केसपेपर वाचला, मला विचारलं, "काय म्हणाले होते ते?" मी सांगितलं. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं!

"निदान त्यांनी बरोबर सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. "तू तारीख चुकवलीस."

* * *

दुष्काळाच्या वर्षी मंगळवेढ्याकडची एक बाई आणली. रस्त्याच्या कामावर खडी फोडताना चक्कर येऊन पडलेली. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. मी किडनीची शंका घेतली, मग लिव्हरची, मग हार्टची. लॅबवाल्याला तीन दिवस पळवलं. मला कुठंच काही सापडेना.

चौथ्या दिवशी सर तिच्या कॉटवर बसले. "हितं यायच्या आदल्या दिवशी काय खाल्लंस बाई?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पोरं जेवली की साहेब."

सरांनी पेन घेतलं आणि निदानाच्या रकान्यात मराठीत लिहिलं, 'भूक'. उपचाराच्या रकान्यात, 'भाकरी, डाळ, दूध'.

दोन दिवसांनी ऑफिसातून पेपर परत! वर क्लार्कचा शेरा, 'सदर रोग यादीत नाही.' सरांनी खाली लिहिलं, 'यादी दुरुस्त करावी.' ऑफिसनं शेवटी माझ्याकडून गुपचूप इंग्रजीतलं नाव लिहून घेतलं. मीही दिलं.

पंधरा दिवसांत बाईची सूज उतरली. गालांवर जरा तुकतुकी आली. जायच्या दिवशी तिनं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, पण उठेना. म्हणाली, "साहेब, ह्यो आजार माझ्या पोरास्नीबी हाय. त्यास्नी भरती करून घेता का?"

* * *

अक्कलकोटच्या खालच्या अंगाच्या एका गावातून आई-बाप आणि त्यांची मुलगी आली. महादेवी तिचं नाव. अठरा-एकोणीसची. लग्न झालेलं नाही आणि पोट सहा महिन्यांएवढं.

बाप वॉर्डाच्या दाराबाहेरच उभा. चार महिने तो पोरीशी बोलला नव्हता. आई पदरानं स्वतःचं तोंड झाकून बसलेली. पोरीच्या दंडावर वळ होते. ते कशाचे, हे आम्ही विचारलं नाही. तिनं एकदाच सांगितलं, "मी तसलं काय केलं न्हाय." ही गोष्ट ती चार महिने सांगत होती, दमली होती बिचारी.

सरांनी हात गरम व्हावेत म्हणून आधी एकमेकांवर घासले, मग तिच्या पोटावर ठेवले. खूप हळू तपासलं. मग बापाला आत बोलावलं आणि कानडीत सांगितलं, "हे मूल नाही. गाठ आहे. आणि गाठ चांगली नाही."

आई ताडकन उठली. मला वाटलं, आता हंबरडा फोडणार. तिनं दोन्ही हात वर जोडले. "देवरु दोड्डवनु!" देव मोठा आहे! हसत होती आणि रडत होती. नरसम्मांच्या हातावर तिनं पिशवीतली साखर ठेवली. कॅन्सरची साखर!

बाप भिंतीला टेकून खाली बसला.

महादेवी म्हणाली, "सर, लिहून द्या. कागदावर, शिक्का मारून."

सरांनी कानडीत लिहिलं, शिक्का मारला. बापानं तो कागद चार घड्या घालून पटक्यात ठेवला.

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. नंतर त्या गावचा एक पेशंट सांगत होता, तिच्या मातीला जेवढी माणसं आली, त्या प्रत्येकाला बापानं तो कागद वाचायला लावला.

* * *

आता शेवटचा. हा गच्चीवर कुणी सांगायला लागलं की बाकीचे हातातला चहा खाली ठेवतात.

सिद्राम म्हणून चहावाला होता. गेटसमोर टपरी, चाळिशीचा माणूस. उकळत्या चहाचे चार काचेचे ग्लास एका हाताच्या बोटांत धरून तो ओपीडीत यायचा. आम्हाला रुमालाशिवाय एक धरवत नसे! आम्ही टाळ्या वाजवायचो, "सिद्रामचे हात पोलादाचे!" तो खूश व्हायचा. तीन वर्षं आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळे एमबीबीएस!

मठपती सर बाहेरचा चहा पीत नसत. एकदा राउंड लांबला आणि सिद्राम थेट वॉर्डात आला. सरांनी चहाकडं पाहिलंच नाही, बोटांकडं पाहिलं.

"भाजत नाही का रे?"

"सवय हाय सर!"

सरांनी ग्लास खाली ठेवायला लावले. ट्रेमधून कापूस घेतला, त्याचं टोक पिळून बारीक केलं. "डोळे मीट. मी बोटांना कापूस लावला की सांग."

सिद्राम डोळे मिटून उभा राहिला. आम्ही बघत होतो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "लावा की सर!"

सरांनी तोवर सहा वेळा लावला होता.

कुष्ठरोग. सरांनी त्याला बाजूला नेऊन नीट समजावलं, गोळ्या सुरू केल्या. चहाच्या ग्लासातून तो पसरत नाही, हे आम्हाला पाठच होतं. तरी दुसऱ्या दिवशी एकाला ॲसिडिटी झाली, दुसऱ्यानं चहा सोडला, मी "आत्ताच झाला रे" म्हणालो. सिद्राम ग्लास घेऊन दारात उभा. सर उठले, एक ग्लास घेतला आणि उभ्यानंच प्याले. मग ते रोज पिऊ लागले. एकटेच.

वर्षभरानं एका सकाळी सिद्राम ओरडत ओपीडीत शिरला. "भाजलं! भाजलं की ओ सर!" बोटावर टरटरीत फोड आलेला. तो हात झाडत होता, फुंकर घालत होता, हसत होता. सगळे गोळा झाले.

सरांनी त्याला स्टुलावर बसवलं. कापसाचं टोक पिळलं. "मीट डोळे."

"कळलं!" सिद्राम ओरडला. "कळलं सर, कळलं!"

कापूस अजून सरांच्या चिमटीत होता, सिद्रामच्या बोटांपासून वीतभर लांब.

सरांनी तो हळूच ट्रेमध्ये ठेवला आणि आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं.

"ऐकलंत ना? त्याला कळलं," सर म्हणाले. "सिद्राम, सगळ्यांना चहा आण."