मागच्या खोलीतलं धान

आमच्या बालाघाटच्या घरातली मागची खोली धानाचीच. कटंगीकडच्या शेतातलं धान दिवाळीनंतर ट्रॅक्टरवर येतं आणि त्या खोलीत थप्प्या लागतात. माझ्या बापाच्या वेळेपासून हेच. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण धान कुठं ठेवायचं ते मला कोणी शिकवू नये.

मुलगा आणि सून शहरातली नोकरी सोडून घरी आले, तेव्हा खोली रिकामी होती. तिथं त्यांनी स्टुडिओ मांडला. मुलगा गिटार वाजवतो. सून जबलपूरची, ती कीबोर्ड वाजवते आणि गाते. 'जॅझच्या वळणाचं' असं मुलगा म्हणतो. मला वळण समजत नाही. एवढं समजतं की सूर घर सोडून निघतो, चार ओट्यांवर टेकतो, गप्पा मारतो आणि अंधार पडायच्या आत घरी येतो. घाई कुठंच नाही. मला ते आवडायला लागलं होतं, पण हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

अडचण एकच. खोली घुमायची. सून एक ओळ गायची, की भिंती तीच ओळ परत म्हणायच्या. आमच्या म्हातारीच्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगून झाल्या.

"आता भित्तींले थंडी नाही वाजनार," ती म्हणाली. "मी कुडकुडते."

तरी घुमणं जाईना. एक दिवस जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, इथं जमत नाही. आमी नागपूरले जागा पाहून राह्यलो."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मी थांबा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"जा," मी म्हटलं. "धरून कोन ठेवलं तुमाले?"

आणि अर्ध्या ताटावरून उठलो.

त्याच आठवड्यात धान आलं. हमालांनी विचारलं, कुठं टाकायचं? ओसरी मोकळी होती. मी म्हटलं, "मागच्या खोलीत."

मुलगा धावत आला. "बाबा, आमचं सामान हाय ना तिथं! आमी अजून गेलो नाही."

"जाऊनच राह्यले ना? धान आपल्या खोलीत जाईल."

तिन्ही भिंतींना थप्प्या लागल्या. मधे दोन स्टुलांपुरती जागा उरली. मुलगा रागानं बाहेर निघून गेला. सून मात्र वायरी गोळा करायला पोत्यांमधून आत शिरली आणि सवयीनं एक ओळ गुणगुणली. थांबली. पुन्हा गायली, मोठ्यानं.

मी अंगणात होतो. भिंती काहीच बोलल्या नाहीत. फक्त तिचाच आवाज, जवळ बसल्यासारखा.

"सुनो! इधर आओ, जल्दी!" तिनं नवऱ्याला हाक मारली.

त्यानंतर नागपूरचं नाव निघालं नाही. मीही काढलं नाही.

होळी जवळ आली. पोत्यांना उंदीर लागले, धान गिरणीवर न्यायलाच हवं होतं. मुलगा दोनदा येऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "बाबा, पोते कधी काढता?"

"धान खायले असते. भित्तीले टेकवाले नसते," मी म्हटलं.

त्याचं तोंड उतरलं. पोती गेली, खोली पुन्हा घुमायला लागली. मग मी शेतावरून तणस आणली. तणस म्हणजे धानाचा वाळला पेंढा. ती रिकाम्या पोत्यांत ठासून भरली आणि पोती होती तिथंच रचायला लावली. हमाल हसले. पोत्यांत तणस भरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"काहून भरता?" म्हातारीनं विचारलं.

"बैलांसाठी."

सून दारात उभी होती. "बाबूजी, अपने बैल कहाँ हैं?"

बैल विकून किती वर्षं झाली, ते मलाही आठवत नाही. "घेऊ," मी म्हटलं.

ती आत गेली. मुलानं दार ओढून घेतलं आणि गिटार सुरू झाली.

"घ्या, आले तुमचे बैल," म्हातारी खो खो हसत म्हणाली. "दोघंबी आत हायेत."

"चूप बस," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग चालू हाय."