खोडलेलं सहावं नाव

खोडरबराचा वास आला की मला इंदूरच्या मल्हारगंजमधली आमची वरच्या मजल्यावरची खोली आठवते. एम.एस्सी. संपत आलं होतं आणि पीएच.डी.साठी कुठे कुठे अर्ज करायचे याची यादी मी पेन्सिलने लिहीत बसले होते. खालच्या दुकानात पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला कुटत होते, त्यामुळे आम्हा दोघांनाही मधूनमधून शिंका येत होत्या. दोघं म्हणजे मी आणि बाबा. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. यादीत पाच नावं होती आणि पाचही ठिकाणांहून थेट इंदूरची गाडी होती. बाबा स्टेशनच्या पूछताछ खिडकीवरून रिटायर झालेले. त्यांनी कागद घेतला, उजेडात तिरपा धरला आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बेटा, हे सहावं का मिटवलंस?" ते आसाममधलं होतं. बेडकांवर मला जे काम करायचं होतं, ते तिथेच चालायचं. मी म्हटलं, "डायरेक्ट गाडी नाहीये ना, बाबा. दोनदा बदलावी लागते." "तर बदलायची. पस्तीस साल मी लोकांना हेच तर सांगत होतो," ते म्हणाले, आणि रबराचा चुरा फुंकून त्यांनी ते नाव स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिलं, पेनने. आता माझे विद्यार्थी अशाच याद्या घेऊन माझ्याकडे येतात. नावं वाचायच्या आधी मी तो कागद खिडकीपाशी नेऊन तिरपा धरते.