दोन मिनिटांचा काळोख

नागपुरात युरोपचा सिनेमा खऱ्या अर्थाने समजलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. हे मी मामांच्याच तोंडून ऐकलं आहे. युरोप त्यांनी पाहिला नव्हता. ज्यांच्यावर ते लिहीत त्यातले निम्मे चित्रपटही पाहिले नव्हते, हे लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं तेव्हा मी हादरलोच. परदेशी मासिकं वाचून ते लिहीत. मी दबकत विचारलं, तर उलट मलाच म्हणाले, "ज्योतिषी काय शनीवर जाऊन येते?"

एका स्थानिक दैनिकात दर रविवारी त्यांचा दीड रकाना असे. 'मौन', 'अवकाश' आणि 'माणसाचं एकटेपण' ही मंडळी त्यात न चुकता हजर. सिनेमागृहात ते कधी हसत नसत. सगळं थिएटर लोळत असताना हे कपाळाला आठ्या घालून कॅमेरा कुठे ठेवला असेल याचा विचार करत. जेवतानाही सुटका नव्हती. वांग्याच्या भाजीला एकदा ते म्हणाले, "बोलकी आहे, पण फार बोलते." मामी म्हणाल्या, "मग मुकं वरण खा." एकदा दिल्लीच्या महोत्सवाला जाऊन, रोज पाच चित्रपट पाहून, डोळे सुजवून परतले. त्यानंतरच्या लेखात एका पोलिश चित्रपटातल्या खाणमजुराने दुसऱ्याच, इटालियन चित्रपटातल्या विधवेशी लग्न केलं. त्यांनीच आणलेली माहितीपुस्तिका पुढे करून मी चूक दाखवली. मामा शांतपणे म्हणाले, "दोघंही एकटेच होते."

पण त्यांचा खरा जीव होता त्यांच्या फिल्म सोसायटीत. वकिलातींकडून फिल्मचे डबे रेल्वेने येत आणि रविवारी सकाळी एका मुलींच्या शाळेच्या सभागृहात टेबलावर प्रोजेक्टर ठेवून खेळ होई. चाळीसेक सभासद. त्यातले निम्मे कलेसाठी येत आणि निम्मे या चित्रपटांना सेन्सॉरची कात्री लागत नाही म्हणून. दुसऱ्या निम्म्यांचा मामांना पत्ताच नव्हता. कात्रीवर मात्र त्यांनी रकानेच्या रकाने लिहिले होते. 'एक चौकट झाकण्यापेक्षा मी सोसायटी बंद करीन,' हे त्यांचं वाक्य मला पाठ होतं. मग कोणीतरी शाळेकडे तक्रार केली. मुख्याध्यापिकाबाईंनी मामांना बोलावून सांगितलं, "येत्या रविवारी मी स्वतः येऊन बसते. मग सभागृहाचं ठरवू." फुकट सभागृह गावात दुसरं नव्हतं. म्हणजे सोसायटी राहते की जाते, ते त्या रविवारी ठरणार होतं.

बाई पहिल्या रांगेत बसल्या. मामा प्रोजेक्टरला खेटून बसले, मी त्यांच्या शेजारी. चित्रपट उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातला, बर्फाचा. त्यातला 'स्नानाचा प्रसंग' अविस्मरणीय आहे, एवढं मामांनी मासिकात वाचलेलं होतं. तिसऱ्या रिळात एका तरुण बाईने चुलीवर पाणी तापवलं, बाह्या वर सारल्या आणि गळ्याजवळचं बटण सोडलं. कात्रीच्या या जन्मवैऱ्याने त्याच क्षणी आपला तळहात भिंगावर ठेवला. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तसंही अंधारात दुसरं काही दिसत नव्हतं.

पडदा काळा झाला, पण आवाज चालूच होता. पाणी ओतल्याचा आवाज. कोणीतरी सुखाने कण्हलं. ती तरुण बाई हसली. पुन्हा पाणी. अशी दोन मिनिटं गेली. चाळीस माणसांनी त्या काळोखात ज्याला जे हवं ते पाहिलं. मागून कोणीतरी कळवळून ओरडलं, "अरे, हात काढा ना गा!" मामांनी हात काढला तोवर मुख्याध्यापिकाबाई उठून दाराबाहेर पडल्या होत्या.

खेळ थांबला. मामा डोकं धरून बसून राहिले. प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरने रीळ मागे फिरवून फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि मला खुणेने बोलावलं. "जावईबापू, हे पाहा. पोरगी म्हाताऱ्या बापाचे पाय धुवून राहिली ना!" मी धावत फाटकापाशी गेलो आणि बाईंना तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मलाच लाज वाटली. म्हणाल्या, "पाय धुवायला कोणी अंधार करतं का?"

सभागृह गेलं आणि सोसायटीही गेली. ऑपरेटरला मी गप्प बसवलं आणि मामांना काही सांगितलं नाही. मामा पुढे लिहीत राहिले, पण वांग्याच्या भाजीवर शेरे मारायचं थांबले. मामींनाच ते जास्त लागलं. "काही बोला तरी हो," असं ताट वाढताना त्या म्हणत.

तीनेक वर्षांनी सीताबर्डीवर चहा पिताना मामांनी अचानक विचारलं, "जावईबापू, काय होतं हो त्यात?"

मी सांगितलं.

"बापाचे? पोरीनं?"

"हो."

त्यांनी कपातल्या चहावरची साय चमच्याने बाजूला सारली. मग म्हणाले, "चांगलं घेतलं असन त्यानं."

पुढच्या रविवारी त्यांचा लेख त्याच प्रसंगावर होता. वाफेतून त्या म्हाताऱ्याच्या टाचांवर पडणारा उजेड त्यांनी असा लिहिला होता, की मला ती फिल्म पुन्हा खिडकीशी धरल्यासारखी वाटली. त्यात मौन नव्हतं, अवकाश नव्हता. त्यांनी लिहिलेल्यातलं तेच मला सगळ्यात आवडतं.

त्या फिल्मचे डबे परत पाठवताना पेटीच्या तळाशी मला वकिलातीचं एक पत्र सापडलं होतं. तोवर ते कोणी उघडलंच नव्हतं. हा चित्रपट शाळांमधून दाखवण्यासाठी विशेष योग्य आहे, असं त्यात लिहिलेलं होतं.