आंब्याची सावली आणि बॅटरीचा हिशोब

कॅम्पर व्हॅनवाल्यांनो, आज मुळशीहून एक दिवस आधीच परतलो.

बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. मशीन, पंखा, मोबाइल, सगळ्यांची वीज कागदावर मांडली होती. खर्च होईल तेवढी बॅटरी टपावरचं सोलर पॅनेल रोज भरेल, असं धरलं होतं.

पण बाबांना ऊन लागू नये म्हणून तिथल्या माले गावात एका शेतात गाडी आंब्याखाली लावली. आज सकाळी मशीन बंद पडलं. बाबांना धाप लागली. शेतमालकीणबाईंनी घरातून वायर ओढून दिली. टपाकडं बघून म्हणाल्या, "गाडी सावलीत लावलीया, मग त्या काचंला ऊन कुटनं मिळायचं?"

वाटेत बाबा एवढंच बोलले, "पुढच्या वेळी तुम्हीच जाऊन या."

सावलीसाठी तुम्ही बॅटरी किती जास्त धरता? मी वाढवीन. बाबा पुन्हा गाडीत बसतील असं मात्र वाटत नाही.