देवघरातलं बटन

एकटीनं राहिलं की घरात काही घडत नाही, असं लोकांना वाटतं. घडतं हो! सांगायला कोणी नसतं, म्हणून साचत जातं. आमच्या बल्लारपूरच्या गल्लीत या श्रावणात एका बटनावरूनच माझ्याकडे केवढं साचलं.

*

देवघरातलं बटन दाबलं की चरचरायचं, कधी ठिणगीही उडायची. पुण्याच्या मुलाला, सचिनला, फोनवर सांगितलं. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्याचं एकच औषध आहे. नळ गळला, पुण्याला चल. पंखा थांबला, पुण्याला चल. या वेळी त्यानं तिकीटच काढलं.

"एक बटन गेलं तं तू अंधारात बसतं, आई. पुढच्या रविवारी येतो. घराले कुलूप लावू."

*

चौकात रफीकभाऊंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यांचा मिस्त्री एटापल्लीला लग्नाला गेलेला, चार दिवस येणार नव्हता. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. भाऊंनी नवं बटन आणि टेस्टर माझ्यापुढे ठेवला.

"तुमीच बसवा, बाई. पहिले मेन बंद, मंग टेस्टर, मंगच हात."

तीनदा म्हणवून घेतलं. पोथीतली ओवी पाठ करावी तसं मी घरी येईपर्यंत म्हणत आले.

*

दुसऱ्या दिवशी सोमवार, माझा उपास. देवघरात हात घालायचा म्हणून सवयीनं आंघोळ केली आणि ओलेत्या हातानंच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या वंदनाबाई केळी घेऊन आल्या. त्या बुद्धविहारात जाणाऱ्या. माझ्या उपासांना हसतात, पण सोमवारची केळी चुकवत नाहीत.

"बाई, देवाले ओले हात चालत असतीन, करंटले नाई चालत."

आणि टॉवेल घेऊन त्यांनी स्वतःच माझे हात कोरडे केले, एकेक बोट.

*

आमच्या दोघींचे मीटर एकाच व्हरांड्यात, एकाच भिंतीवर. मी मेन बंद केलं, कोरड्या लाकडी पाटावर चढले, बटनाचं झाकण काढलं, टेस्टर लावला. लाल उजेड, म्हणजे करंट चालूच! भाऊंनी दिलेला टेस्टरच खराब, असं मला वाटलं.

तेवढ्यात वंदनाबाई आपल्या घराकडे कान देऊन म्हणाल्या, "आमचा टीव्ही काऊन बंद झाला?"

मी त्यांचं मेन बंद केलं होतं! हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण टेस्टरआधी मी हात लावला असता तर काय, हे दोघींनाही कळलं होतं.

माझं मेन बंद केलं, टेस्टर पुन्हा लावला. या वेळी उजेड नव्हता.

*

वायरी दोन, रंग सारखाच. कोणती वर होती ते विसरायला नको, म्हणून एकीवर कुंकवाचं बोट टेकवलं. देवांखेरीज दोन वर्षांत कुणाला कुंकू लावलं नव्हतं. जुनं बटन काढलं, वायरी तशाच नव्यात बसवल्या, स्क्रू आवळले, झाकण लावलं. मगच मेन चालू केलं.

*

संध्याकाळी सचिनचा फोन आला. बॅग भरली का, विचारत होता. मी देवघरात गेले, फोन बटनाजवळ धरला.

टक. टक. चरचर नाही.

पलीकडून पुण्याच्या रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला,

"आई, अजून एकदा दाब."